हुरडा

हुरडा म्हणजे ज्वारीच्या कणसात दाणा भरल्यानंतर, पण तो वाळून टणक होण्यापूर्वी, कणीस निखाऱ्यात भाजून आणि हातावर चोळून काढलेला कोवळा, गोडसर दाणा. हा दाणा खाण्यासाठी आप्तेष्टांसह शेतावर जाण्याच्या प्रथेलाही बोलीत 'हुरडा' किंवा 'हुरड्याला जाणे' असेच म्हणतात. अलीकडे तिच्यासाठी 'हुरडा पार्टी' हा शब्द रूढ झाला आहे. रब्बी ज्वारी पिकणारा मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग हा हुरड्याचा मुख्य प्रदेश होय. लगतच्या उत्तर कर्नाटकात याच पदार्थाला 'सीतनी' आणि दक्षिण गुजरातेत 'पोंक' म्हणतात. मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध, हा त्याचा हंगाम असतो.

शेतमाल सामान्यतः शेतातून गावात आणि गावातून शहरात येतो. हुरड्याच्या बाबतीत मात्र शतकानुशतके खाणाराच शेतात जात आला आहे. यामागे हौस आहेच, परंतु मूळ कारण दाण्याच्या स्वभावात आहे.

दाण्याची अवस्था

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पावसाळा संपत आलेला असतो आणि पुढचे सारे पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. फुलोऱ्यानंतर दाण्यात प्रथम दुधासारखा पातळ द्रव भरतो. याला 'कणीस चिकात आले' असे म्हणतात. पुढे हा चीक दाट होऊन दाणा मऊ पिठाच्या गोळ्यासारखा होतो. हीच हुरड्याची अवस्था. पेरणीपासून सुमारे ९० ते १०० दिवसांनी ती येते. तिच्यानंतर दाणा कठीण होत जातो आणि त्याच्या तळाशी बारीक काळा ठिपका दिसू लागला की तो पक्व झाला असे समजतात.

पानांत तयार झालेली शर्करा दाण्यात येते आणि तेथे तिचे हळूहळू पिष्टात रूपांतर होते. हुरड्याच्या अवस्थेत दाणा बराच भरलेला असतो, पण रूपांतर पूर्ण झालेले नसते. म्हणून तो चावण्याजोगा भरीवही लागतो आणि गोडही. एका कणसाच्या दृष्टीने हा काळ फार तर आठवडाभराचा असतो. कणीस तोडल्यावरही दाण्यातील घडामोडी थांबत नाहीत. साखर कमी होत जाते, ओल उडून जाते आणि सकाळी तोडलेले कणीस संध्याकाळी तितके गोड लागत नाही. शीतपेट्या येण्यापूर्वी हुरडा दूरच्या बाजारात नेण्यात अर्थच नव्हता. वेगवेगळ्या तारखांना पेरलेल्या शेतांमुळे गावात हंगाम महिना-दीड महिना चालतो, मात्र एका शेताचा हुरडा चार-सहा दिवसांत 'उतरतो'.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत व पोंग्यांत सायनाइड निर्माण करणारे 'धुरिन' नावाचे द्रव्य असते. लहान किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी जनावरांनी खाल्ल्यास त्यांना विषबाधा होते. शेतकरी तिला 'किराळ लागणे' म्हणतात. पीक वाढते तसे हे प्रमाण उतरते. दाणा भरलेल्या कणसाला हा दोष लागू नाही.

वाण

कोणत्याही ज्वारीचा हुरडा होऊ शकतो, पण तो खाण्याजोगा होईलच असे नाही. काही ज्वारीचे दाणे बोंडाला इतके घट्ट चिकटलेले असतात की चोळताना हाताची सालटे निघतात. चांगल्या हुरड्याचा दाणा सहज सुटतो, हिरवट राहतो आणि जिभेवर गोड उतरतो. गुळभेंडी, कुचकुची, सुरती, दूधमोगरा ही नावे अशा वाणांची आहेत. 'सुरती' या नावात गुजरातेतील पोंकाची आठवण आहे.

भाकरीसाठी मराठवाड्यात आणि सोलापुरात सर्वाधिक मान मालदांडीला आहे. तिचा 'मालदांडी ३५-१' हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवड करून १९३०च्या दशकात तयार झाला आणि आजही पेरला जातो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडीचाही हुरडा करतात, पण जाणकार शेतकरी घरापुरती गुळभेंडी वेगळी लावतो. गोड दाण्यावर पाखरे आधी उतरतात. त्यामुळे गुळभेंडीची चार-दोन तासे बांधाला न लावता मालदांडीच्या मधोमध घालण्याची रीत आहे. तरीही माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा राखणदार लागतोच.

या वाणांचे बियाणे पूर्वी दुकानात मिळत नसे. हुरडा खाऊन झाल्यावर निवडक कणसे तशीच पिकू दिली जात, ती वाळवून आढ्याला टांगली जात आणि पुढच्या पेरणीला घरातीलच बी वापरले जाई. शेजाऱ्याला द्यायचे ते मापाने नव्हे, मुठीने. साहजिकच ज्या घरात एक-दोन वर्षे पेरणी चुकली, त्या घरातून वाण गेला. कृषी विद्यापीठांनी नंतर या गरजेकडे लक्ष दिले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे खास हुरड्याचे वाण दिले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' हा वाणही याच कामाचा आहे.

भाजणी आणि सोबतचे पदार्थ

हुरडा भाजण्यासाठी शेतात उथळ खड्डा खणून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. यास आगटी म्हणतात. धूर ओसरून निखारा उरला की कणसे देठाकडून धरून त्यात खुपसतात आणि फिरवत राहतात. ज्वाळेवर भाजल्यास दाणा वरून करपतो व आत कच्चा राहतो. त्यामुळे लाकडापेक्षा गोवरीचा मंद निखारा पसंत केला जातो. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातांत किंवा गोणपाटावर चोळतात, कोंडा फुंकरीने उडवतात आणि दाणे समोरच्या ताटात टाकतात. भाजणारा एक, चोळणारे दोन आणि खाणारे दहा असा हा मामला असतो. चोळणाऱ्याच्या वाट्याला हुरडा बहुधा शेवटी येतो.

सोबत शेंगदाण्याची किंवा लसूण-खोबऱ्याची चटणी, गूळ, दही, अलीकडे बारीक शेव असते. त्याच दिवसांत शेतात जे असेल ते आगटीत जाते: हरभऱ्याचे घाटे भाजून केलेला हुळा, गव्हाच्या ओंब्या, वांगी. बोरे, ऊस आणि पेरू येता-जाता तोडून खाण्यासाठी असतात. ज्वारी पचायला जड नसली तरी चवीमुळे खाणे बेतापेक्षा अधिक होते, म्हणून वर ताक पितात. उरलेल्या दाण्यांचे थालीपीठ, वडे किंवा उसळ करतात. शेजारीच वाळलेल्या कडब्याची गंजी असण्याचा हा काळ असल्याने आगटी गंजीपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट बाजूस काढण्याचा दंडक पाळला जातो.

लातूर परिसर आणि वेळा अमावास्या

लातूर, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडील बीदर, कलबुर्गी भागात हुरड्याच्या दिवसांतच वेळा अमावास्येचा सण येतो. मार्गशीर्ष अमावास्येला साजऱ्या होणाऱ्या या सणास बोलीत 'येळवस' म्हणतात. कर्नाटकात त्याचे नाव 'एळ्ळ अमावास्या' असे आहे. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. मराठी नाव त्यावरूनच आले असावे, असे मानले जाते.

या दिवशी शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि शेताची लक्ष्मी पुजतात. नैवेद्याला भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर असते. ही भज्जी तळणीची नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगी असे त्या आठवड्यात शिवारात जे हिरवे असेल ते एकत्र शिजवून डाळीचे पीठ लावलेली ती दाट भाजी असते. आंबील ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली असते. पूजेनंतर ती घोषणा देत उभ्या पिकावर शिंपडतात आणि मग पंगत बसते. संध्याकाळी कडब्याची पेटती पेंढी, म्हणजे हेंडगा, पिकाभोवती फिरवतात.

रेणापूर हे लातूर शहराच्या उत्तरेस असलेले तालुक्याचे गाव रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. येळवशीच्या दिवशी रेणापूर काय किंवा लातूर काय, बाजारपेठ बंद असते आणि रस्ते ओस पडतात. वर्तमानपत्रे दरवर्षी याचे वर्णन 'अघोषित संचारबंदी' असे करतात. लातूर जिल्ह्यात प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करते. आदल्या दोन दिवसांत सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या लातूरच्या गंजगोलाई परिसरात भाजी घेणाऱ्यांची गर्दी उसळते. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतावर बोलावतोच: शेजारी, दुकानातले नोकर, बदलून आलेले अधिकारी, भाडेकरू. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पंगतीला बसवणे हा येथे शिष्टाचाराचा भाग आहे, आणि बोलावणे न आलेला माणूस स्वतःहून गेला तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. या जेवणाचे पैसे घेण्याची कल्पनाही परिसरात रुजलेली नाही.

येळवस आणि हुरडा यांचा मेळ मात्र दरवर्षी बसत नाही. सण चंद्राच्या तिथीने येतो, पीक सूर्याच्या गतीने वाढते. २०२४ या एकाच इंग्रजी वर्षात हा सण दोनदा आला: ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. जानेवारीत आलेल्या येळवशीला वेळेवर पेरलेली ज्वारी हुरड्यात असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर अनेक शेतांत कणीस अजून चिकातच असते. अशा वर्षी पंगत भज्जीवर होते आणि हुरड्यासाठी पाहुण्यांना पुन्हा बोलावणे धाडले जाते.

ज्वारीचे घटते क्षेत्र

हुरड्यापुढील खरी अडचण चवीची किंवा हौसेची नाही. ती पेरणीची आहे. गेल्या काही दशकांत लातूर जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक झाले. लातूरची बाजार समिती सोयाबीन व तुरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे आणि तेथील दरांकडे इतर जिल्ह्यांचेही लक्ष असते. पूर्वी रब्बी ज्वारीसाठी शेत पावसाळाभर मोकळे ठेवून ओल साठवली जाई. आता त्या शेतात सोयाबीन असते आणि ते निघाल्यावर बहुतेकजण हरभरा पेरतात. रेणापूर तालुक्यात यात उसाची भर पडली. रेना मध्यम प्रकल्पाचे पाणी आणि तालुक्यातील रेना सहकारी साखर कारखाना यांमुळे ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचा ओढा उसाकडे असणे स्वाभाविक आहे. याच जिल्ह्याच्या लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे साठलेल्या ओलीवर येणाऱ्या पिकाचे मोल ध्यानात येते.

ज्वारी मागे पडण्याचे दुसरे कारण मजुरीचे आहे. हरभरा आणि सोयाबीन यंत्राने काढता येतात. रब्बी ज्वारीचे उंच ताट मात्र उपटून किंवा कापून, पेंढ्या बांधून, कणसे खुडून मग मळावे लागते, कारण दाण्याइतकीच किंमत कडब्याची असते आणि यंत्रात कडब्याचा भुगा होतो. घरची बैलजोडी गेली तेव्हा कडब्याची घरची गरजही संपली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर भाकरीची जागा पोळीने घेतली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यातून शहरी ग्राहकाचे लक्ष ज्वारीकडे वळले खरे, पण काढणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

याचा परिणाम सणावरही दिसतो. खोपेसाठी कडबा विकत आणावा लागतो, आंबिलीचे पीठ दुकानातून येते आणि शिवारातून खुडून करायची भज्जी बाजारातील पिशवीतून शेतात पोहोचते. नातेवाइकांना हुरड्याला बोलावायचे तर आधी गावात ज्वारी कोणी पेरली आहे याची चौकशी करावी लागते.

विकतचा हुरडा

पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांभोवती माणशी दर आकारून हुरडा खाऊ घालणारी शेते आता हंगामात चालतात. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला संघटित रूप आले ते २००५ च्या सुमारास, पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडी येथे सुरू केलेल्या केंद्रापासून. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आणि अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊ लागली. बहुतेक केंद्रांत हुरड्याबरोबर पिठले-भाकरी, बैलगाडीची फेरी, झोके असा दिवसभराचा कार्यक्रम असतो. मुलांना ज्वारीचे उभे पीक प्रथमच दिसते ते पुष्कळदा येथेच.

जगात याचे भाईबंद पुष्कळ आहेत. अमेरिका आणि युरोपात शरद ऋतूत सफरचंदाच्या बागा लोकांसाठी खुल्या होतात. कुटुंबे बागेत शिरून स्वतः फळे तोडतात, पिशवीचे किंवा वजनाचे पैसे देतात आणि बागेच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून मुरंबा, रस, भोपळे घेऊन परततात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या बागांना जातात. महाराष्ट्रात या पद्धतीच्या सर्वांत जवळ जातात ती महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरीची शेते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तेथे काही शेतांत पाहुण्यांना फळे तोडू देतात. हुरडा याहून एका बाबतीत वेगळा आहे. सफरचंद तोडून घरी नेता येते, आठवडे टिकते. बागेत जाणे ही तेथे हौस आहे. हुरडा जेथे तोडला तेथेच, भाजणाऱ्याच्या हातून, गरम खायचा असतो. म्हणून केंद्रचालक वजनाचा हिशेब करत नाहीत, माणसे मोजतात. आणि पाहुण्याने परवानगीशिवाय पिकात शिरून कणसे मोडणे येथे गैर समजले जाते, कारण कोणते कणीस हुरड्यात आहे हे त्याला कळत नाही आणि चिकातले कणीस मोडले की ते वाया जाते.

मोकळा हुरडाही आता बाजारात येतो. भाजून, झोडून, पाखडून स्वच्छ केलेले दाणे पिशव्यांत भरून शहरांत किलोने विकतात. थंड साठवणुकीत ते गोठवलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने टिकतात. भाजण्या-झोडण्याचे, विशेषतः निवडण्या-पाखडण्याचे काम बहुधा बायका करतात. गोठवलेल्या दाण्याची उसळ आणि वडे चांगले होतात. तसाच खायचा म्हटले तर तो ताज्या हुरड्याच्या जवळपासही जात नाही.

ज्याचे पैसे कधी घेतले जात नव्हते त्याचा दर लागावा, याबद्दल जुन्या शेतकऱ्यांत नाराजी आढळते आणि ती समजण्याजोगी आहे. तिच्या दुसऱ्या बाजूस हिशेब आहे. हुरड्यासाठी विकलेल्या ज्वारीचे उत्पन्न धान्य म्हणून विकलेल्या ज्वारीपेक्षा अधिक मिळते, शेत लवकर मोकळे होते, कापणी-मळणीची मजुरी वाचते आणि हिरवे ताट जनावरांना चारा म्हणून जाते. घरापुरत्या चार तासांवर राहिलेल्या गुळभेंडीला त्यामुळे काही ठिकाणी पुन्हा एकर-अर्धा एकर जमीन मिळू लागली. मात्र सर्वच कणसे हुरड्यात विकली गेली तर बियाण्याला काही उरत नाही. म्हणून जाणते शेतकरी पाहुणे येण्यापूर्वीच बियाण्याच्या कणसांना चिंधी बांधून ठेवतात. लातूर-रेणापूर भागात ही केंद्रे पुण्याभोवतीच्या मानाने विरळ आहेत. येथे हुरडा अजून बहुतांशी बोलावण्यावरच खाल्ला जातो.